इमटेक्सला जाताना पिशवीत आपला जॉब न्या

थंडी सुरू झाली की कोल्हापूरच्या शिरोलीत, उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यंदा बंगळुरूला कोण कोण निघालंय?" बंगळुरूला म्हणजे इमटेक्स या मशीन टूलच्या प्रदर्शनाला. मग दोन-चार फोन मला येतात. "ताई, पहिल्यांदाच चाललोय, हातात एकच दिवस आहे, काय काय बघू?" अर्धा अर्धा तास बोलूनही काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढलं.

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप आहे. सहा सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन). फौंड्रीतून बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. अण्णांनी दोन साध्या लेथवर सुरुवात केली होती, गेली बारा वर्षं मी बघते. इमटेक्सला आजवर चार वेळा गेले, २०१७, २०१९, २०२३ आणि २०२५. पहिल्या वेळी दिवसभर नुसती हिंडले, सात किलो माहितीपत्रकं घेऊन आले आणि वर्षभरानं ती रद्दीत घातली. तसं तुमचं होऊ नये.

आधी वर्ष तपासा. इमटेक्स विषम साली मेटल कटिंगचं असतं आणि सम साली फॉर्मिंगचं. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, टूल, इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलायची पाती) यात तुमचं पोट असेल तर विषम साल. प्रेस, शीट मेटल, लेझर कटिंग, बेंडिंगवाल्यांनी सम साल धरावं. आमच्या शेजारचे एक काका चुकून फॉर्मिंगच्या वर्षी गेले. रजा, गाडीखर्च, लॉजखर्च सगळं झालं आणि ज्या लेथसाठी गेले ती तिथं नव्हतीच.

प्रदर्शन भरवते इंडियन मशीन टूल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. संस्था १९४६ ची, आणि पहिलं इमटेक्स १९६९ साली आपल्या मुंबईत झालं होतं. आता ते बंगळुरूच्या तुमकूर रोडवर, संस्थेच्याच बीआयईसी या केंद्रात भरतं. आपल्या शिरोली फाट्यावरून जो हायवे बेळगावकडं जातो, तोच हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर करत सहाशे किलोमीटरवर बीआयईसीच्या समोरून जातो. चौघं मिळून गाडीनं गेलात तर बंगळुरू शहरात शिरायची गरजच पडत नाही. रेल्वेनं जायचं तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे. तिकीट दोन महिने आधी काढा, त्या आठवड्यात अर्धी गाडी आपल्याच लोकांची असते.

दिवस निवडताना एक बघा. २०२५ ला प्रदर्शन २३ ते २९ जानेवारी असं सात दिवस होतं. पहिला दिवस उद्घाटनाच्या धामधुमीत जातो. शनिवार-रविवार इंजिनिअरिंगच्या मुलांची झुंबड असते. मुलांनी यावंच, पण त्या गर्दीत तुम्हाला कुणाशी नीट बोलायला मिळत नाही. सोमवार किंवा मंगळवार धरा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर मशीन रिकामी करून बांधाबांध सुरू होते, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

पिशवीत काय न्यायचं

या लेखातलं एवढं एकच पाळलंत तरी चालेल. आपला जॉब, म्हणजे आपण मशीनिंग करतो तो नग, बरोबर न्या. फोटो चालणार नाही, मोबाईलमधला व्हिडिओही नाही. खरा, हातात धरता येईल असा जॉब. मी तीन नग नेते, एक कच्चं कास्टिंग, एक पास झालेला आणि एक रिजेक्ट झालेला. तिन्हीवर मार्करनं नंबर घालते. निघायच्या आदल्या दिवशी केरोसिननं पुसून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधते. बीडाला रात्रीत गंज धरतो आणि गंजलेला बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, कुणालाही दाखवून उपयोग नाही. विमानानं जात असाल तर ते चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत लोखंडाचा गोळा दिसला की सुरक्षा तपासणीत वेळ जातो.

ड्रॉइंगबद्दल मात्र सांभाळून. ड्रॉइंग आपलं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं. मी गिऱ्हाइकाला आधी फोन करून सांगते आणि पूर्ण ड्रॉइंग कधीच नेत नाही. ज्या भागाची अडचण आहे तेवढंच चित्र वहीच्या कागदावर हातानं काढते. बोअर ६२ एच७, खोली, भिंतीची जाडी, बस्स. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पार्ट नंबर नाही. कास्टिंगवर नाव उठवलेलं असेल तर त्यावर टेप लावा.

त्याच कागदाच्या मागे आजची परिस्थिती लिहायची. मटेरियल एफजी २६० (बीडाची एक प्रत). महिन्याला किती नग. आत्ता कुठल्या मशीनवर करतो. सायकल टाइम. कुठला इन्सर्ट, किती स्पीड, किती फीड, एका कोपऱ्यावर किती नग निघतात. आणि शेवटी एका वाक्यात दुखणं. "बोअर गेजवर पास होतो, बेअरिंग बसवताना घट्ट जातो." हे वाक्य नेमकं लिहायला मला दोन दिवस लागतात, कारण ते लिहिण्यासाठी ऑपरेटरशी बसून बोलावं लागतं. आपण ऑफिसमधून समजतो ते दुखणं वेगळं असतं आणि मशीनपुढं उभा असलेला माणूस सांगतो ते वेगळं.

जॉब बरोबर नेण्याचा आणखी एक फायदा मला झाला. आमचे फोरमन मामा माझ्याबरोबर असतात. सुरुवातीला स्टॉलवरची माणसं सगळं त्यांच्याकडं बघून बोलायची, मी प्रश्न विचारला तरी उत्तर मामांना जायचं. मामा संकोचायचे, मला राग यायचा. आता मी टेबलाशी गेल्याबरोबर नाव सांगायच्या आधी जॉब समोर ठेवते आणि म्हणते, "हा आमचा जॉब, हा बोअर, ही अडचण." त्यानंतर बोलणं माझ्याशीच होतं. ज्या मुली, सुना आता कारखान्यात बसायला लागल्यात, त्यांनी हे जरूर करून बघावं.

भेटी आधी ठरवा, चारच ठरवा

तीन आठवडे आधी ज्या कंपन्यांशी बोलायचंय त्यांच्या कोल्हापूर किंवा पुण्याच्या माणसाला फोन करा आणि एकच मागा: "तिथं मला तुमचा ॲप्लिकेशन इंजिनिअर अर्धा तास हवाय." सेल्सची माणसं भली असतात, पण ती आपल्याला कोल्हापुरातही भेटतात. ॲप्लिकेशनचा माणूस एरवी कुठल्यातरी कारखान्यात ट्रायल घेत असतो. तो एका छपराखाली सापडतो तो इथंच.

साडेदहा, बारा, अडीच, चार. चारच भेटी. हॉल एकमेकांपासून चांगले लांब आहेत. एका भेटीहून दुसरीला जायला पंधरा-वीस मिनिटं धरा. दोन ते अडीचच्या मधला वेळ आणि साडेचारनंतरचा तास मोकळा ठेवा. माझी सगळ्यात मोलाची भेट ठरवलेली नव्हती, ती अशाच एका मोकळ्या वेळात झाली. ती पुढं सांगते.

बॅज ऑनलाइन नोंदणी करून आधीच काढून ठेवा, ओळखपत्र खिशात ठेवा. पायात जुने, सवयीचे बूट. पाण्याची बाटली. वही. दारं सकाळी दहाच्या सुमारास उघडतात, साडेनऊला पोहोचा.

पोहोचायचं सोपं झालंय. २०१९ ला आणि २०२३ ला मेट्रो नागसंद्रापर्यंतच होती, तिथून पुढं रिक्षा आणि तुमकूर रोडची कोंडी. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रीन लाइन मादावरापर्यंत आली आणि ते स्टेशन बीआयईसीला लागूनच आहे. म्हणून लॉज ग्रीन लाइनवर बघा. यशवंतपूर चांगलं पडतं, रेल्वे स्टेशनही तिथंच. मेट्रो वरून जाते आणि वाटेत पिनिया लागतं. खिडकीशी उभं राहून ते पत्र्यांचं रान बघा. लेथ, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, आपल्यासारखेच शेड, मैलोन्मैल. मला तिथं प्रत्येक वेळी भरून येतं.

चालू मशीनपुढं उभं कसं राहायचं

हॉलमध्ये शिरलात की पहिली दहा मिनिटं आवाजाची सवय होण्यात जातात. मोठमोठी मशीन, पाच अक्ष, रोबो एका हातानं जॉब उचलतोय, काचेमागं ॲल्युमिनियमचं फूल कोरलं जातंय. बघा, डोळे भरून बघा. पण जिथं चार मिनिटांपेक्षा जास्त थांबाल तिथं हे विचारायला सुरुवात करा.

आधी, काय कापताय? डेमोला बऱ्याचदा ॲल्युमिनियम किंवा मऊ स्टील लावलेलं असतं. बीड कापणाऱ्यानं ते बघून काही कळत नाही. बीडाची बर म्हणजे काळी भुकटी, ती कूलंटमध्ये मिसळली की चिखल होतो आणि तो चिखल स्लाइडवरच्या वायपरखाली शिरतो. म्हणून मी मशीनच्या पुढून कमी आणि मागून जास्त बघते. कूलंट टाकी बाहेर ओढता येते का? कन्व्हेयर भुकटीचा आहे की लांब चिप्सचा? स्लाइड झाकणारं वे-कव्हर उघडून दाखवता का? चांगला इंजिनिअर हे प्रश्न ऐकून खूश होतो आणि स्वतः वाकून दाखवतो.

मग पॉवर. पाटीवर ११ किलोवॅट लिहिलेलं असतं. ते सतत चालवायचं रेटिंग आहे की ३० मिनिटांचं, हे विचाराच. आणि पॉवर-टॉर्कचा आलेख मागा. आमच्या ६२ मिमीच्या बोअरला १८० मीटर प्रति मिनिट स्पीड धरला तर साधारण ९२४ आरपीएम येतात. एवढ्या कमी आरपीएमला जॉब फिरवणाऱ्या त्या स्पिंडलकडं किती टॉर्क शिल्लक आहे, एवढंच आम्हाला कळायला हवं. ६००० आरपीएमचा आकडा आमच्या काय कामाचा?

मग सायकल टाइम. स्टॉलवर सांगतात तो कापायचा वेळ असतो. समजा १९० सेकंद सांगितले. आठ तासांची पाळी म्हणजे २८,८०० सेकंद, भागिले १९०, झाले १५१ नग. कागदावर छान दिसतं. आता जॉब काढायचा, हवा मारायची, दुसरा लावायचा, त्याचे ३५ सेकंद मिळवा. २२५ झाले. पाळीतून चहा, जेवण, इन्सर्ट बदलणं, मोजमाप काढून सात तास धरा. नग येतात ११२. दीडशे आणि एकशे बारा यांच्यामधल्या फरकात बँकेचा हप्ता असतो. ३० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे ६३,७०० रुपये. मी हा हिशेब स्टॉलवरच्या टेबलावरच बसून करते, त्यांच्यासमोर. त्यातून कुणी दुखावत नाही, उलट ते लोडिंगचा वेळ कमी करायला काय करता येईल ते सांगायला लागतात.

आणि उष्णता. डेमोचं मशीन दहा मिनिटं चालतं, थांबतं, लोक येतात, पुन्हा चालतं. आपलं मशीन तीन पाळ्या चालतं. स्लाइड सरकवणारा ५०० मिमी लांबीचा बॉलस्क्रू नुसता ५ अंशांनी तापला तरी २८-२९ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतो. ६२ एच७ ला आपल्याला सगळी सूट मिळते ३० मायक्रॉनची. तेव्हा विचारा, तापल्यावर मशीन स्वतःला कसं सावरतं? स्लाइडची जागा मोजणारे स्केल आहेत की नाहीत? सकाळी पहिला नग आणि चार तासांनंतरचा नग यात किती फरक पडतो, आणि हे कुणाच्या कारखान्यात जाऊन बघता येईल? शेवटचा प्रश्न सोडू नका. आपल्या भागातल्या ज्या शेडमध्ये ते मशीन चालू आहे तिथला पत्ता मिळाला, तर अर्धं काम झालं.

किमतीच्या गोष्टी तिथं ठरवू नका, पण तुलना करता येईल असा आकडा आणा. चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, धरून का? कन्व्हेयर, स्टॅबिलायझर, सॉफ्ट जॉजचे (चकच्या मऊ जबड्यांचे) संच, ट्रेनिंग? वाहतूक कुणाची? शेडमध्ये उतरवायला हायड्रा क्रेन कुणाची? १८ टक्के जीएसटी वेगळा धरा, त्याचं क्रेडिट मिळतं पण पैसे आधी घालावे लागतात. परदेशी मशीन असेल तर स्पिंडलचं बेअरिंग भारतात कुठल्या गोदामात आहे ते नाव लिहून घ्या. "प्रदर्शनापुरती सवलत" म्हणून कुणी घाई केली तर नम्रपणे सांगा, कोटेशन मेल करा, आठ दिवसांत कळवते. घाईत सही केलेल्या मशीनचा हप्ता पाच वर्षं फेडताना मी जवळच्या माणसांना पाहिलंय.

टूलटेकचं, म्हणजे टूल आणि इन्सर्टचं, दालन मात्र चुकवू नका. लोक मोठी मशीन बघून दमतात आणि टूलच्या स्टॉलवरून घाईत निघून जातात. मशीन पाच-सात वर्षांतून एकदा घेतो, इन्सर्ट दर आठवड्याला. तिथं जॉब दाखवलात की लोक हातात घेऊन बघतात, नखानं बोअर चाचपतात, ट्रायलला दोन-चार इन्सर्ट देतात. आमचा सगळ्यात लवकर वसूल झालेला खर्च त्याच दालनातला आहे.

त्या दुपारची गोष्ट

२०१९. आम्ही नवीन लेथ घ्यायला गेलो होतो. ठरलंच होतं जवळजवळ, बत्तीस लाखांचं बजेट. कारण हेच दुखणं. ६२०६ बेअरिंगचं हौसिंग, पातळ भिंतीचं. आमच्याकडं डायल बोअर गेजवर पास, गिऱ्हाइकाकडं बेअरिंग दाबलं की घट्ट, फिरवलं की आवाज. दोन लॉट परत आले होते. आम्ही धरून चाललो होतो की जुन्या लेथचा स्पिंडल गेला.

तीनची भेट रद्द झाली. पाय दुखत होते. मोजमापाच्या उपकरणांच्या एका स्टॉलवर दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून आम्ही बसलो. तिथला मुलगा इचलकरंजीकडचा निघाला. आमच्या बोलण्यावरून त्यानं ओळखलं आणि मराठीतच विचारलं, "ताई, पिशवीत काय आहे?" मी रिजेक्ट नग काढून दिला. त्यानं तो पुसला, राउंडनेस टेस्टरच्या गोल टेबलावर ठेवला, लाकडी हँडलनं हलकेच टिचक्या मारत मध्यावर आणला आणि सुई बोअरला टेकवली. टेबल अगदी सावकाश फिरलं, एक फेरा. पडद्यावर रेघ उमटत गेली.

ती रेघ गोल नव्हती. तीन ठिकाणी बाहेर फुगलेली, मध्ये आत गेलेली, हातानं थापताना कडा बिघडलेल्या भाकरीसारखी. खाली आकडा होता २२ मायक्रॉन.

तो मुलगा म्हणाला, "जॉज तीन आहेत ना?"

मामा काही बोललेच नाहीत. त्यांनी जॉब हातात घेतला, बाहेरून जॉजचे वळ कुठं आहेत ते अंगठ्यानं शोधलं आणि पडद्यावरच्या तीन फुगवट्यांशी जुळवून बघितलं. तंतोतंत.

झालं होतं असं. तीन जॉज पातळ भिंतीला तीन जागी आत दाबत होते. त्या दाबलेल्या अवस्थेत आम्ही बोअर गोल करत होतो. जॉज सुटले की दाबलेली भिंत परत बाहेर यायची आणि गोल बोअर तिकोनी व्हायचा. आमचं डायल बोअर गेज दोनच बिंदूंत मोजतं. एका बाजूला फुगवटा असेल तर त्याच्या बरोबर समोर खोलगट जागा, त्यामुळं गेज कुठंही फिरवा, आकडा तोच. तीन फुगवट्यांचा जॉब दोन बिंदूंच्या गेजवर कायम पास होतो. लेथचा स्पिंडल धडधाकट होता.

परत आल्यावर आम्ही जॉबला जवळजवळ पूर्ण वेढतील असे रुंद सॉफ्ट जॉज बनवले, त्याच व्यासाला बोअर करून घेतले. रफिंगला चकचा दाब होता तोच ठेवला, फिनिशिंगच्या आधी तो २० बारवरून ८ वर आणला. पुण्याच्या लॅबमध्ये नग पाठवले, राउंडनेस ६ मायक्रॉनच्या आत आला. त्या वर्षी मशीन घेतलं नाही. त्या मुलाला मी नव्या आलेखाचा फोटो पाठवला, आणि आजही अडचण आली की आधी त्याला फोन करते.

जेवणाचं

जेवण ही दमछाकेच्या दिवसातली खरी गरज आहे, ती पुढं ढकलू नका. एक ते दोन या वेळात फूड कोर्टला तोबा गर्दी असते. बाराची भेट उरकून साडेबाराला तरी जा नाहीतर अडीचची भेट उरकून जा. दुपारी हलकं घ्या, दहीभात किंवा बिसीबेळे भात. बिसीबेळेवर तूप आणि खारी बुंदी मागून घ्या. तांबड्या रश्शाची आठवण येते, पण दुपारी जड खाल्लं तर चारच्या भेटीत डोळे मिटतात. टेबल वाटून घ्यायची वेळ आली तर समोरच्याला विचारा, कुठून आलात? लुधियाना, राजकोट, कोइमतूर, जमशेदपूर. राजकोटच्या एका गृहस्थांनी भात कालवता कालवता मला बीडाच्या भुकटीसाठी कूलंट टाकीत चुंबक कुठं बसवायचं ते टिश्यू पेपरवर काढून दिलं. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

संध्याकाळी कंपन्या मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावतात. जायला हरकत नाही, पण तिथं भाव आणि तारीख यावर बोलू नका. मला स्वतःला दुसरं आवडतं. सहाला दारं बंद होताना ज्या इंजिनिअरशी बोलणं अर्धवट राहिलंय त्याला म्हणते, "चला, आज आमच्यातर्फे डोसा." मादावराहून ग्रीन लाइननं थेट मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्टेशन, तिथून मल्लेश्वरमला सेंट्रल टिफिन रूम, लोक सीटीआर म्हणतात. नाव लिहून उभं राहावं लागतं. बेण्णे मसाला डोसा बाहेरून तपकिरी कुरकुरीत, आतून मऊ, आणि लोणी बोटांना लागतं. त्या उभं राहण्याच्या वीस मिनिटांत तो माणूस स्टॉलवर न सांगता आलेल्या गोष्टी सांगतो. कुठला मॉडेल कुठल्या कामाला घेऊ नका, हेसुद्धा. पुढं नॅशनल कॉलेज स्टेशनवर उतरलात तर गांधी बाजारात विद्यार्थी भवन आहे, १९४३ पासूनचं. शुक्रवारी बंद असतं. लालबागजवळ १९२४ चं एमटीआर. रवा इडली त्यांनीच दुसऱ्या महायुद्धात तांदळाच्या टंचाईत काढली. दिवस एकच असेल तर मल्लेश्वरमच बरं, वाटेत पडतं.

रात्री झोपायच्या आधी

कितीही दमलात तरी खोलीवर आल्यावर अर्धा तास वही घेऊन बसा. मी आणि मामा एकेक स्टॉल आठवतो. प्रत्येकाला एक पान. वर स्टॉल नंबर, भेटलेल्याचं कार्ड स्टेपल केलेलं, मग तीनच गोष्टी. त्यानं काय कबूल केलं, आपण काय पाठवायचं कबूल केलं, आणि मामांचं मत. मामांचं मत मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मशीन बरं, दार उघडायला जड, पोरं वैतागतील." हे कुठल्याही कोटेशनमध्ये सापडत नाही. फोटो काढताना आधी स्टॉलच्या पाटीचा, मग मशीनचा काढत चला, म्हणजे रात्री गोंधळ होत नाही. व्हिडिओ काढायचा तर विचारूनच, कारण डेमोला दुसऱ्या कुणाचा जॉब लागलेला असू शकतो.

घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत पाठवायचं म्हटलेलं पाठवा. स्केच, कास्टिंगचे दोन नग, जे काही कबूल केलं असेल ते. पंधरा दिवस गेले की त्या माणसाच्या डोक्यातून तुमचा जॉब निघून गेलेला असतो. ज्यांच्याकडून काही घ्यायचं नाही त्यांनाही तसं कळवा, तो माणूस दोन वर्षांनी पुन्हा त्याच स्टॉलवर असणार.

पुढचं कटिंगचं वर्ष २०२७. माझ्या कपाटात एक व्हॉल्व्ह बॉडी तेल लावून ठेवलीय. तिच्या आडव्या भोकात दर चाळीस-पन्नास नगांनंतर ड्रिल तुटतंय, आणि कधी सकाळी तर कधी नेमकं रात्रपाळीत. ऑपरेटर म्हणतो कास्टिंगमध्ये कडक ठिपके आहेत, फौंड्रीवाले म्हणतात नाहीत. एक तुटलेलं ड्रिल, तोंडासकट, मी त्याच पिशवीत घातलंय.